भोगीची भाजी पातळ, पांचट का होते?

रस मिळून येत नाही म्हणताय, तर बहुतेक तीळ कमी पडत असणार. चार माणसांच्या भाजीला तीन मोठे चमचे तीळ मंद आचेवर भाजून, भरड कुटून घाला. विकतचं कूट नको, ताज्या कुटाचा वासच वेगळा!

पावटा, ओला हरभरा, शेंगदाणे आणि गाजर आधी अर्धवट शिजू द्या. वांगी, बोरं मागाहून, नाहीतर वांग्याचा लगदा होतो. पाणी गरमच घाला, तेही बेताचं. गोडा मसाला, चिंच, गूळ शेवटी. चिंच आधी पडली तर दाणे लवकर शिजत नाहीत.

आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशी हिच्यासोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा हवाच.