‘परमेश्वराची आशा धरा’: हे मराठी बरोबर आहे का?

प्रश्न असा आहे: नाताळाआधीच्या आगमनकाळातल्या एका प्रार्थनेत ‘परमेश्वराची आशा धरा’ असं वाक्य आहे. आपण आशा ‘करतो’, किंवा आशा ‘असते’. मग हे ‘धरा’ भाषांतरातून आलेलं अवघड मराठी आहे का? आणि ‘परमेश्वराची’ ही षष्ठी तिथे योग्य आहे का?

‘आशा धरणे’ अस्सल मराठी आहे. धीर धरणे, हट्ट धरणे, मौन धरणे याच पंगतीतलं. या प्रयोगांत मनाची नुसती अवस्था नसते, ती टिकवण्याचे कष्टही असतात. धीर सुटू शकतो म्हणून तो धरावा लागतो. ‘आशा आहे’ म्हणणारा स्वस्थ बसू शकतो, आशा धरणाऱ्याला ती सवलत नाही. म्हणून प्रार्थनेतलं क्रियापद मला नुसतं चालण्याजोगं वाटत नाही, तिथे तेच हवं.

अडचण आहे ती षष्ठीत. ‘पैशाची आशा’, ‘बढतीची आशा’ म्हणताना षष्ठी हवी असलेली वस्तू दाखवते. बायबलच्या मराठीत मात्र ती ज्याच्या शब्दावर भिस्त ठेवली आहे त्याला दाखवते. बायबलमधल्या यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकातलं, 40व्या अध्यायातलं 31वं वचन पाहा: परमेश्वराची आशा धरणाऱ्यांना नवी शक्ती मिळते, ते धावतात तरी दमत नाहीत. तिथलं हिब्रू क्रियापद ‘कावा’. वाट पाहणे आणि आशा धरणे हे दोन्ही अर्थ त्यात एकत्र नांदतात.

त्याच कुळातलं नाम ‘तिकवा’, म्हणजे आशा. बायबलच्याच यहोशवा या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात राहाब नावाची बाई आपल्या खिडकीला किरमिजी दोरी बांधते, त्या दोरीलाही मूळ हिब्रूत ‘तिकवा’च म्हटलं आहे. प्रसंग सर्वांना आठवत नसेल म्हणून सांगतो. तिचं यरीहो शहर इस्राएल लोकांच्या हाती पडणार होतं. आपल्या घरी लपवलेल्या त्यांच्या हेरांकडून राहाबने कुटुंबाच्या जिवाचं वचन घेतलं. त्या वचनाची खूण म्हणजे ही दोरी. वचन मिळालं होतं, तरी दोरी बांधायची होती तिलाच, आणि घरच्यांना आत गोळा करायचं होतं तेही तिलाच. पुढे मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात दिलेल्या येशूच्या वंशावळीत राहाबचं नाव येतं, आणि कॅथलिक उपासनेत ती वंशावळ 17 डिसेंबरला, ऐन आगमनकाळात वाचली जाते. मला हा योग फार मोलाचा वाटतो.

इथे संस्कृत जाणणाऱ्याला ‘आशा नाम मनुष्याणां काचिदाश्चर्यशृङ्खला’ हे सुभाषित आठवेल. आशा ही अजब बेडी, तिने बांधलेले धावत सुटतात आणि सुटलेले पांगळ्यासारखे जागीच राहतात. तिथेही बंधन आहे, धावणंही आहे. पण त्या साखळीचं दुसरं टोक माणसाच्याच हव्यासात अडकलेलं असतं. यशयाच्या ओळीत ते टोक वचन देणाऱ्या परमेश्वराच्या हाती आहे, म्हणून तिथलं धावणं दमवत नाही.

आगमनकाळ म्हणजे पाश्चात्त्य परंपरेत नाताळाआधीचे चार रविवार. त्याची सुरुवात 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबरच्या दरम्यान होते. त्यात फक्त बाळ येशूच्या जन्माची वाट पाहतात असं अनेकांना वाटतं, पण पहिल्या रविवारची वाचनं ख्रिस्ताच्या पुनरागमनाची आणि जागं राहण्याची असतात. लूकच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात लोक बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, ‘मग आम्ही काय करावं?’ तो म्हणतो, दोन अंगरखे असतील त्याने एक नसलेल्याला द्यावा. जकातदारांना सांगतो, ठरल्याहून जास्त घेऊ नका. मराठीत आपण वाट ‘पाहतो’. योहान, यशयाचेच शब्द घेऊन, ती वाट तयार करायला सांगतो.

तेव्हा प्रार्थनेतलं वाक्य आहे तसंच ठेवावं. ख्रिस्ती परिभाषा ठाऊक नसलेल्यांसाठी लिहिताना ‘परमेश्वरावर आशा ठेवा’ किंवा ‘परमेश्वरावर भरवसा ठेवून वाट पाहा’ म्हणावं. ‘परमेश्वराकडून आशा करा’ टाळावं, त्याला मागण्यांच्या यादीचा वास येतो.

‘आशावाद’ हा शब्दही इथे नको. आशावादाला परिस्थितीत काहीतरी आधार दिसावा लागतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (4:18) पौल अब्राहामाबद्दल सांगतो की आशेला जागा उरली नव्हती, तरी त्याने आशेने विश्वास ठेवला.