गटांना वसाहती वाटून देण्यापूर्वी

अमेरिकेतील सुरुवातीच्या इंग्रज वसाहती वर्गात शिकवताना मुलांच्या प्रत्येक गटाला एकेक वसाहत वाटून देणे सोपे असले, तरी माझ्या मते तुम्ही ते टाळावे. कारण व्हर्जिनियातील जेम्सटाउनचा गट त्या वसाहतीच्या स्थापनेच्या वर्षात, म्हणजे १६०७ मध्येच अडकतो, उत्तरेकडील प्लिमथचा गट तसाच १६२० मध्ये, आणि दोघांची गाठ पडत नाही. त्याऐवजी सर्वांना एकच प्रश्न द्यावा: शेतात राबत कोण होते? मग व्हर्जिनियातील तंबाखू, प्रवासखर्चाच्या मोबदल्यात काही वर्षांच्या कराराने बांधले गेलेले इंग्रज मजूर आणि १६१९ मध्ये तेथे आणलेले आफ्रिकी लोक यांचा संबंध मुलांना आपोआप दिसू लागतो.

मृत व्यक्तीच्या मालमत्तेची एखादी यादी गटापुढे अवश्य ठेवावी. तिच्यात लोखंडी भांडे, गादी, गायी यांच्या किमती ओळीने लिहिलेल्या असतात, आणि व्हर्जिनियातील पुढच्या काळातील याद्यांत गुरांच्या शेजारीच गुलाम केलेल्या माणसांची नावे व किमतीही आढळतात. हे वाचल्यानंतर मुलांना बोलायला पुरेसा वेळ द्यावा.

मूळ रहिवाशांसाठी वेगळा गट करू नये. प्लिमथच्या लोकांना मका पेरायला टिस्क्वांटम या मूळ रहिवाशाने शिकवले, त्यामुळे प्लिमथ परिसरातील वाम्पानोआग आणि जेम्सटाउन परिसरातील पोव्हाटन हे मूळचे लोक प्रत्येक गटाच्या मांडणीत यायलाच हवेत. लिहिण्याचे काम मात्र दर तासाला दुसऱ्याकडे सोपवावे, अन्यथा चांगल्या अक्षराची एकच मुलगी सगळे उतरवत बसते.