रमाबाई, पण कोणत्या?

प्रिय मनू,

काल तू फोनवर विचारलंस, "आई, रमाबाई नक्की कोण होत्या? एका ठिकाणी त्या न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी आहेत, दुसरीकडे लहान मुलीला घेऊन परदेशी जातात, आणि तिसरीकडे डॉ. आंबेडकरांच्या पत्नी. हे सगळं एकाच बाईचं कसं?" ते एकाच बाईचं नाही. त्या तिघी वेगळ्या आहेत, आणि पेशव्यांच्या घरातल्या धरल्या तर पाच होतात. फोनवर घाईत सांगितलं असतं तर तुझा गोंधळ वाढला असता, म्हणून लिहायला बसले.

गोंधळाचं मूळ आपल्या बोलण्यात आहे. टिळक, आगरकर, रानडे असं पुरुषांना आपण आडनावानं ओळखतो. बायकांच्या नावाला मात्र 'बाई' जोडतो आणि तिथेच थांबतो. त्यात मान आहे, नाही असं नाही. पण आडनाव गळलं की चार कर्तबगार बायका एकमेकींत मिसळून जातात. ही सवय मला मनापासून खटकते. तुझ्या प्रकल्पात तरी प्रत्येकीला तिचं पूर्ण नाव मिळू दे.

तुझा दुसरा प्रश्न होता की एवढ्या जणींना एकच नाव कसं. पूर्वी लग्नात मुलीचं नाव बदलायचे. ताटात तांदूळ पसरून त्यावर नवरा अंगठीनं नवं नाव लिहायचा, आणि त्या दिवसापासून सासरी तिला त्याच नावानं हाक. काही घरांत हे अजूनही करतात. तुझ्या पणजीला तिचे भाऊ एका नावानं बोलवायचे आणि आपल्या घरात ती दुसऱ्याच नावानं वावरली. नवं नाव बहुतेकदा नवऱ्याच्या नावाशी जुळणारं निवडत. विष्णूचं एक नाव माधव, लक्ष्मीचं एक नाव रमा, म्हणून माधवाची बायको रमा. थोरले माधवराव पेशवे यांच्या पत्नी रमाबाई. १७७२ साली माधवराव थेऊरला क्षयानं गेले आणि त्या तिथेच सती गेल्या. पुढे सवाई माधवरावांच्या पहिल्या पत्नीचं नावही रमाबाईच.

आता रानडे. न्यायमूर्तींचं नाव महादेव, पण लोक त्यांना माधवराव म्हणत. त्यांच्या पत्नी रमाबाई या माहेरच्या यमुना, सांगलीकडच्या देवराष्ट्रे गावच्या. १८७३ मध्ये लग्न झालं तेव्हा यमुना अकरा वर्षांची आणि माधवराव एकतीस वर्षांचे होते. ते विधवाविवाहाचा पुरस्कार करणारे सुधारक, पण वडिलांच्या हट्टापुढे नमून त्यांनी इतक्या लहान मुलीशी लग्न केलं. तुला हे वाचून राग येईल, तो योग्यच आहे. तिला तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी तिला मराठी शिकवलं, मग इंग्रजीही. घरातल्या मोठ्या बायकांना ते आवडत नसे. दिवसभर टोमणे ऐकायचे आणि तरीही शिकायचं, असं तिनं वर्षानुवर्षं काढलं. त्याच मुलीनं १९१० मध्ये 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक लिहिलं आणि पुण्यात सेवासदन उभं केलं. तिथे विधवा आणि गरजू बायका शिक्षिका झाल्या, नर्सचं काम शिकल्या.

पंडिता रमाबाईंचं सगळंच वेगळं. नाव जन्माचंच, ते कुणी बदललं नाही. १८५८ चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून ब्राह्मणांचा विरोध सोसला, आणि रमाबाई ते संस्कृत आईकडून शिकल्या. घर असं नव्हतंच. पुराणं सांगत हे कुटुंब तीर्थामागून तीर्थं पायी फिरलं. दुष्काळात आई-वडील गेले, तरी भावाबरोबर त्या चालत राहिल्या. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. त्यांनी जातीबाहेरच्या एका बंगाली वकिलाशी लग्न केलं. दोनच वर्षांत तो पटकीनं गेला. वडिलांचं डोंगरे आणि नवऱ्याचं मेधावी ही दोन्ही आडनावं मागे पडली, आणि लोक त्यांना ओळखतात ते स्वतः मिळवलेल्या पदवीनं. या सगळ्यांत अशा त्या एकट्याच.

तुला सर्वांत आवडेल ते आता सांगते. या दोन रमाबाई एकमेकींना भेटल्या होत्या! १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्याला आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज काढला. तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या, आणि रमाबाई रानडे विशीच्या आसपास. एक विधवा, पण भर सभेत शास्त्रांचे दाखले देणारी. दुसरी न्यायाधीशाची पत्नी, पण सभेला गेली म्हणून घरी बोलणी खाणारी. तरीही त्या जात राहिल्या. मला वाटतं, बाईनं उभं राहून बोलायचं असतं हे रमाबाई रानड्यांनी पहिल्यांदा तिथे पाहिलं असेल. पंडिता पुढे इंग्लंडला गेल्या, ख्रिस्ती झाल्या, अमेरिकेत फिरून पैसे जमवले आणि १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. ते पुण्याला आल्यावर तिथल्या मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतोय म्हणून वादळ उठलं, आणि १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनीही तिथल्या सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. पंडिता रमाबाईंनी काम थांबवलं नाही. पुण्याजवळ केडगावला त्यांचं मुक्ती मिशन आजही आहे.

रमाबाई आंबेडकर या दोघींपेक्षा खूप नंतरच्या, १८९८ च्या. दापोलीजवळच्या वणंद गावच्या. वडील दाभोळ बंदरावर माशांच्या टोपल्या वाहायचे. आई-वडील लवकर गेले आणि त्या काकांकडे मुंबईला आल्या. नऊ-दहा वर्षांच्या असताना भायखळ्याच्या मासळी बाजारात, रात्री बाजार उठल्यावर, त्यांचं भीमरावांशी लग्न झालं. नवरा न्यूयॉर्कला, मग लंडनला शिकत होता तेव्हा इथे टंचाईत घर चालवलं ते त्यांनी. पाच मुलं झाली, त्यातला एकटा यशवंत जगला. सभा नाही, पुस्तक नाही, परदेश नाही, म्हणून त्यांना या यादीत शेवटी 'पत्नी' एवढंच लिहू नकोस. १९३५ मध्ये त्या गेल्या. पाकिस्तानच्या प्रश्नावरचं आपलं पुस्तक बाबासाहेबांनी 'रामू'च्या स्मृतीला अर्पण केलं. तिचं चांगलं मन आणि दोघांनी मिळून सोसलेले मित्रहीन, ओढगस्तीचे दिवस, हे त्यांनी त्यात लिहून ठेवलं. आणि लोकांनी त्यांना म्हटलं रमाई. हे नाव ना वडिलांनी ठेवलं, ना तांदळात लिहिलं गेलं.

तर प्रकल्पात तिघींना तीन वेगळी पानं दे. पंडिता आणि रानडे यांची पानं शेजारी ठेव, त्यांची भेट दाखवता येईल. यानंतर आनंदीबाईंवर येणार असशील तर आधी मला विचार. तिथेही तिघी आहेत: राघोबादादांची, डॉक्टर जोशी आणि धोंडो केशव कर्व्यांची. त्यातल्या डॉक्टरचं माहेरचं नाव काय होतं माहीत आहे? यमुनाच.

तुझी,
आई