हप्ते मागण्याआधी थकबाकीची फोड मागा

तीन वर्षांचा मालमत्ता कर थकलाय, जप्तीची पूर्वसूचना आलीय आणि आता हप्ते बांधून मिळतील का, असं तुम्ही विचारलंय. बऱ्याच ठिकाणी मिळतात. अटी मात्र जागोजागी वेगळ्या असतात आणि प्रकरण लिलावापर्यंत गेलं की दार जवळपास बंद होतं, म्हणून या आठवड्यातच अर्ज द्या. तोवर थोडेथोडे पैसे भरत राहणं म्हणजे हप्ते नव्हेत. लेखी मंजुरी नसेल तर पैसे जमा होतात, वसुली थांबत नाही.

अर्जाआधी तुमच्या मालमत्ता कराच्या खात्याचा वर्षवार उतारा घ्या. त्यात मुद्दल (मूळ कर), शास्ती (कर उशिरा भरल्याचा दंड) आणि नोटिशीचा खर्च वेगवेगळा दिसायला हवा. चुकीचं क्षेत्रफळ, एकाच जागेची दोन खाती, भरूनही जमा न झालेली रक्कम, असं काही आढळलं तर सहीआधीच निस्तरा. हप्त्यांच्या करारात बहुतेकदा थकबाकी मान्य असल्याचं कलम असतं. नंतर तक्रार केली तर तेच तुमच्यासमोर धरतील.

खरी मेख आहे ती भरणा आधी कशात वळता होतो यात. समजा मुद्दल 1,20,000, साचलेली शास्ती 30,000 आणि मुद्दलावर दरमहा 1 टक्का नवी शास्ती चालू आहे. तुम्ही दीड लाखाला बाराने भागून 12,500 चा हप्ता ठरवलात. पैसे आधी शास्तीत गेले, तर तीन हप्त्यांत 37,500 भरूनही मुद्दल फक्त 3,900 ने उतरतं. बारावा हप्ता भरल्यावर साधारण 9,870 बाकी उरतात. तेच आधी मुद्दलात वळवले तर 6,375. दोन्हीकडे शून्य नाहीच! म्हणून हप्त्यांच्या काळात शास्ती गोठते की चालू राहते आणि भरण्याचा क्रम काय, हे दोन्ही मंजुरीपत्रात लिहून घ्या. खिडकीवरच्या तोंडी उत्तरावर विसंबू नका.

हप्ते मोडतात ते बहुतेक चालू वर्षाच्या बिलामुळे. जुन्याचे हप्ते नियमित चाललेले असतात, नवं बिल येतं आणि माणसाला वाटतं, तेही यातच धरलंय. तसं सहसा नसतं. हप्ता ठरवताना चालू कराचा मासिक वाटा त्यात मिळवून पाहा आणि झेपेल तेवढाच आकडा कबूल करा. सहा महिने ओढाताण करून सातवा चुकवण्यापेक्षा मुदत लांबवून मागितलेली बरी, मग शास्ती थोडी जास्त गेली तरी चालेल. एक हप्ता चुकला की उरलेली सगळी रक्कम एकदम देय, असं कलम बहुतेक करारांत असतं. न वटलेला चेकही चुकलेला हप्ताच. ऑनलाइन भरत असाल तर चारपाच दिवस आधी भरा, कारण खात्यात जमा झाल्याची तारीख धरली जाते.

घरावर कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्यांनाही मंजुरीपत्राची प्रत द्या. नाहीतर ते परस्पर कर भरून ती रक्कम तुमच्या कर्जात चढवू शकतात.

प्रत्येक पावतीवरचा खाते क्रमांक तपासा. शेवटच्या हप्त्यानंतर शून्य बाकीचा उतारा घ्या आणि मालमत्तेवर जप्तीचा बोजा चढवला असेल तर तो उतरवण्याचा अर्ज त्याच दिवशी द्या. पैसे फिटले म्हणून नोंद आपोआप निघेलच असं नाही.