ग्रॅनाईटच्या ओट्यात पाणी मुरतं का, आणि दरवर्षी सीलर मारायलाच हवा का?

तुम्ही लिहिलंय की सिंकच्या बाजूला ग्रॅनाईट ओला झाला की काळपट पट्टा दिसतो, एक जण सांगतो ग्रॅनाईट पाणी पितच नाही, दुसरा सांगतो दरवर्षी सीलर (दगडात पाणी-तेल मुरू नये म्हणून लावायचं द्रव) मारलाच पाहिजे, आणि शेवटी विचारलंय की गरम भांडं थेट ठेवलं तर चालतं का. मी दगड बसवण्याच्या कामात आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर सतत येतो. माझं मत आधीच सांगतो, सीलर कॅलेंडर बघून नाही, दगड बघून मारायचा.

ग्रॅनाईट पाणी पितो, पण फार थोडं. जमिनीच्या आत खोलवर शिलारस (मॅग्मा) सावकाश थंड होत गेला की क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि अभ्रकाचे दाणे एकमेकांत घट्ट अडकतात, तो हा दगड. दाणा स्वतः पाणी घेत नाही, पण दोन दाण्यांच्या मध्ये अगदी बारीक फटी राहतात आणि वातीत तेल चढतं तसं पाणी त्या फटींतून आत सरकतं. अमेरिकेतल्या एएसटीएम संस्थेच्या मानकात बांधकामाच्या ग्रॅनाईटला वजनाच्या जास्तीत जास्त ०.४० टक्के पाणी शोषायला परवानगी आहे, म्हणजे १०० किलोच्या स्लॅबमध्ये फार तर ४०० ग्रॅम पाणी, आणि पुष्कळ दगड याच्याही खूप खाली असतात. काळपट दिसण्याचं कारणही तेच, कोरड्या फटींतली हवा प्रकाश विखुरते म्हणून दगड फिका दिसतो, तिथे पाणी शिरलं की विखुरणं कमी होतं आणि रंग गडद होतो. सुकला की परत मूळ रंग. म्हणजे काही तासांत जाणारा पट्टा हा डाग नाहीच, फक्त ओल आहे, घाबरू नका.

आता एक गोष्ट जी बहुतेकांना उलटी वाटते. त्याच संस्थेची संगमरवराची मर्यादा ०.२० टक्के आहे, म्हणजे ग्रॅनाईटच्या मर्यादेपेक्षाही कडक! मग संगमरवर किचनमध्ये एवढा पटकन का खराब होतो? कारण तो कॅल्साईटचा असतो, आणि लिंबू किंवा व्हिनेगर पडलं की कॅल्साईट चक्क विरघळतो, वरची चकाकी जाते आणि पांढुरका ठसा उरतो. तो डाग आत मुरलेला नसतो, दगडच तिथे खाल्ला गेलेला असतो. तेव्हा मुरणं आणि ॲसिडने खाल्लं जाणं हे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत हे डोक्यात पक्कं ठेवा, सीलर फक्त पहिल्यावर काम करतो, मुरणंही पूर्ण थांबवत नाही, उशीर करतो, म्हणजे तुम्हाला पुसायला वेळ मिळतो. दुसऱ्यावर त्याचा काहीच उपयोग नाही.

आणि दुकानात ज्याला ग्रॅनाईट म्हणतात ते सगळं ग्रॅनाईट नसतं. काळा ग्रॅनाईट म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा गॅब्रो किंवा डोलेराईट नावाचा वेगळाच काळा दगड असतो, जास्त घट्ट आणि पाणी कमी घेणारा. अशा दगडावर सीलर मारला तर आत जायला जागाच नसते, तो वरच सुकतो आणि धुरकट थर बसतो, मग लोक म्हणतात सीलरने ओटा बिघडला. फिके पांढरे, करडे, पिवळसर दगड मात्र बऱ्याचदा जास्त पितात. काही काळे स्लॅब कारखान्यातून रंग किंवा तेल चोळून जास्त काळे करून येतात, पांढऱ्या कापडावर थोडं ॲसिटोन (नेलपॉलिश काढायला वापरतात ते) घेऊन कोपऱ्यात घासा, कापड काळं झालं तर समजा रंग लावलाय. (हे घेण्याआधी केलेलं बरं.) पुष्कळ स्लॅबमध्ये पॉलिशच्या आधी इपॉक्सी रेझिन (सुकून घट्ट होणारा चिकट पदार्थ) भरून फटी बुजवलेल्या असतात, ते वाईट नाही, पण अशा स्लॅबला जास्त सीलर लागत नाही आणि तो कायम उन्हात ठेवला तर रेझिनचा रंग बदलू शकतो.

मग तुमचा दगड कुठला ते कसं कळणार? नावावरून नाही, पाण्यावरून. ओटा साफ करून एक रात्र पूर्ण कोरडा राहू द्या, मग तीन-चार वेगवेगळ्या जागी चमचाभर पाणी ठेवा आणि १५ मिनिटांनी पुसून बघा. खाली काहीच गडद झालं नसेल तर सीलर नको, कोणी काहीही सांगो. १०-१५ मिनिटांनी हलकं गडद झालं तर मारलेला बरा, आणि पाणी ठेवल्या ठेवल्या मिनिटा-दोन मिनिटांत गडद झालं तर नक्की मारा. हीच टेस्ट मधूनमधून करत राहा. एकाच ओट्यावर सिंकजवळचा भाग लवकर पाणी प्यायला लागतो आणि बाकीचा तसाच राहतो असं होतं, कारण साबण आणि घासणं तिथेच जास्त. मग तेवढ्याच भागात मारा की.

मारायचा असेल तर आत मुरणारा घ्या, म्हणजे डब्यावर सिलेन-सिलॉक्सेन किंवा फ्लोरोपॉलिमर लिहिलेला, वर फिल्म बसवणारा चकचकीत नको, तो ओरखडतो आणि सोलतो. दगड आधी किमान २४ तास कोरडा पाहिजे, ओल आत असताना मारला तर सीलर नीट आत जात नाही आणि ओलही लवकर बाहेर पडत नाही. डब्यावर लिहिलेल्या वेळेत उरलेला सगळा पुसून काढा, इथेच लोक आळस करतात आणि नंतर ओट्यावर चिकट धूसर डाग राहतात. खिडक्या उघड्या ठेवा हेही सांगून ठेवतो.

तुमच्या पट्ट्याबद्दल मला दुसरीच शंका आहे. वरून पाणी न सांडताही तो सिंकच्या कडेने किंवा नळाच्या भोवती कायम दिसत असेल, तर पाणी खालून येतंय, म्हणजे सिंकच्या कडेचं सिलिकॉन सुटलंय नाहीतर नळाच्या बुडाशी गळती आहे, आणि कापलेल्या कडेला बऱ्याचदा पॉलिश नसतं म्हणून तिथून दगड भराभर पितो. तिथे वरून कितीही सीलर मारा, फरक पडणार नाही. आधी गळती बंद करा, सिलिकॉन काढून कड सुकू द्या, मग दगडासाठीचं सिलिकॉन भरा. साधं सिलिकॉन नको, काही सिलिकॉनमधून तेलकट द्रव दगडात उतरतो आणि कडेने फोटोच्या चौकटीसारखी गडद किनार पडते, ती मग सहजासहजी जात नाही.

रोजच्या साफसफाईला कोमट पाणी, भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ कापड, मग साध्या पाण्याने पुसून कोरडं करणं, बास. साबण राहिला की थर साचतो आणि लोकांना वाटतं पॉलिश गेलं. सिंकजवळचे पांढरे क्षार काढायला ॲसिड ओतू नका, प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. नाही निघाले तर नवं ब्लेड आडवं धरून हलक्या हाताने चालतं, कारण क्वार्ट्झ मोहस या १ ते १० च्या कठिणतेच्या मापावर ७ आणि फेल्डस्पार ६ च्या आसपास आहे, पोलाद साधारण त्यांच्यापेक्षा मऊ. तारेची घासणी मात्र नको, तिचे तुकडे अडकून गंजतात. आणि एक कळकळीची विनंती, गंज काढायच्या काही क्लीनरमध्ये हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं, ते ग्रॅनाईटलाही खातं आणि माणसाच्या कातडीला तर अतिशय धोकादायक आहे, लेबल वाचल्याशिवाय घरात आणूच नका. ब्लीच आणि ॲसिडही कधी एकत्र करू नका, क्लोरीन वायू तयार होतो.

तेल मुरलंच असेल तर घासून जाणार नाही, ते बाहेर ओढावं लागतं. बेकिंग सोडा आणि पाण्याचा लोण्याइतका घट्ट लेप करा, जुनं तेल असेल तर पाण्याऐवजी ॲसिटोन (गॅस बंद, हवा खेळती), डागापेक्षा थोडा मोठा आणि बोटाच्या जाडीएवढा थापा, प्लास्टिक लावून कडा चिकटवा. २४ तासांनी प्लास्टिक काढा पण लेप तसाच पूर्ण सुकू द्या, कारण खरं काम सुकतानाच होतं, द्रव वर येतो आणि तेल सोबत आणतो. एकदा करून जाईलच असं नाही, डाग फिका झाला तर परत करा, पूर्ण गेल्यावरच सीलर.

गरम भांड्याचं म्हणाल तर ग्रॅनाईट जमिनीच्या पोटातल्या भट्टीतून आलेला दगड आहे, एखाद्या पातेल्याने तो जळत नाही, पण एकाच जागी तापवून लगेच थंड पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो, विशेषतः सिंकसाठी कापलेल्या अरुंद पट्टीत, आणि रेझिन भरलेला असेल तर तेही तापतं, म्हणून खाली काहीतरी ठेवा. आणि तुमचा ओटा कारखान्यात रेझिनने बांधलेला क्वार्ट्झ असेल तर मात्र गरम भांडं अजिबात ठेवू नका, तिथे पडलेला डाग निघत नाही. त्याला सीलरचीही गरज नसते.