वाचकांचे प्रश्न : विखुरलेल्या वस्त्यांसाठी मेश जाळे

प्रश्न : आमचे गाव लांब-लांबच्या पाच वस्त्यांत विभागलेले असून इंटरनेटची जोडणी फक्त शाळेत आहे. घराघरांवर राउटर बसवून ‘मेश’ पद्धतीने ती सर्वत्र नेता येईल काय, आणि शेवटच्या वस्तीपर्यंत वेग टिकेल काय?

उत्तर : नेता येईल, मात्र सगळे गाव एकाच मेशवर टाकू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मेशमधील प्रत्येक राउटर स्वतःच्या घराची गरज भागवतोच, शिवाय शेजाऱ्यांची माहितीही पुढे पोहोचवतो, आणि मधला एखादा बंद पडला तर उरलेले राउटर आपणहून दुसरी वाट शोधतात. अडचण वेगाची आहे. एकच रेडिओ असलेल्या राउटरला एकाच वेळी ऐकता आणि बोलता येत नाही, आणि एका रेडिओ-वाहिनीवर (चॅनेलवर) जवळपासच्या सर्वांना आळीपाळीने बोलावे लागते. त्यामुळे पहिल्या टप्प्यावर, म्हणजे शाळेपासूनच्या पहिल्या राउटरवर, ३० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) वेग मिळत असेल, तर दुसऱ्यावर साधारण १५ आणि तिसऱ्यावर १० उरतात, तेही परिस्थिती अनुकूल असेल तर. म्हणून वस्ती ते वस्ती हे अंतर ५ गिगाहर्ट्झच्या लहरी एकाच दिशेने सोडणाऱ्या (दिशादर्शी) अँटेनांच्या स्वतंत्र जोडीने कापावे आणि मेश वस्तीच्या आत, घराघरांत ठेवावे.

अँटेना समोरासमोर दिसतात एवढ्यावर समाधान मानू नका. ५ किलोमीटरच्या अशा दुव्याला मध्यावर दृष्टिरेषेभोवती सुमारे ५ मीटर जागा मोकळी लागते. ओली पाने हे तरंग शोषून घेतात, तेव्हा पाहणी झाडे पूर्ण पालवलेली असताना करावी आणि ती पुढे किती वाढतील याचाही अंदाज घ्यावा.

स्पेनमधील कातालोनियाच्या ग्रामीण भागात २००४ मध्ये सुरू झालेले ‘गिफी’ हे लोकांच्या मालकीचे जाळे आज हजारो नोडपर्यंत (जोडलेल्या ठिकाणांपर्यंत) वाढले आहे. जो जाळ्यात येईल त्याने इतरांची माहिती आपल्या उपकरणातून जाऊ द्यावी, हा त्यांचा लेखी करार आहे. असा करार तुम्हीही पहिल्याच बैठकीत करावा. भांडणे निघतात ती बहुधा इथेच. शाळेची जोडणी वाटून घेण्यास सेवा देणाऱ्या कंपनीची लेखी संमती आणि ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वापरण्याचे देशातील नियम, हे दोन्ही खरेदीपूर्वी तपासावे.

प्रश्न : टेकडीवरच्या राउटरला सौर ऊर्जा पुरेल काय?

उत्तर : पुरेल, पण बॅटरीचा हिशेब नीट मांडावा लागतो. १० वॅटचा राउटर दिवसरात्र चालला तर २४० वॅट-तास खर्च होतात. १२ व्होल्ट, ४० अँपिअर-तासाच्या बॅटरीत ४८० वॅट-तास असतात खरे, परंतु शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास लवकर खराब होते. म्हणजे ऊन नसेल तर ती जेमतेम एक दिवस निभावते. ढगाळ हवामानाचे दोन दिवस धरायचे असतील तर किमान ८० अँपिअर-तासाची बॅटरी हवी, आणि जुनी होत जाणारी बॅटरी लक्षात घेता १०० ची घेतलेली बरी. उंचावरच्या खांबाला अर्थिंग आणि केबलला सर्ज अरेस्टर (विजेचा अचानक आलेला लोट जमिनीत वळवणारे उपकरण) यांत काटकसर करू नका, कारण जवळपास कोसळलेली वीजही केबलमधून राउटर जाळू शकते. प्रत्येक वस्तीतील दोघांना तरी राउटर बदलून त्याची जुळणी करता यावी, इतके शिकवून ठेवा.