फंक्शनल कोडमध्ये फीचर वेगळं काढायचं, तर आधी त्याची जात ओळखा

तुमची अडचण मला समजली ती अशी: हॅस्केल या फंक्शनल भाषेत गणिती पदावल्यांचा छोटा इंटरप्रिटर आहे. चल (व्हेरिएबल), भागाकार आणि लॉगिंग ही तीन फीचर्स त्यात हवी तेव्हा घालता-काढता यायला हवीत. पण प्रत्येक वेळी डेटा टाइपपासून छपाईच्या फंक्शनपर्यंत सगळीकडे हात घालावा लागतोय. हायर-ऑर्डर फंक्शन्स (फंक्शनच घेणारी किंवा देणारी फंक्शन्स) हाताशी असताना असं का, आणि फीचर-ओरिएंटेड पद्धतीने, म्हणजे प्रत्येक फीचरचा कोड वेगळा ठेवून हवा तो जोडण्याने, हे सुटेल का?

फंक्शनल भाषेत नवं फंक्शन लिहिणं स्वस्त, नवा कन्स्ट्रक्टर (डेटा टाइपमधला एक प्रकार, उदाहरणार्थ ‘बेरीज’) महाग. ऑब्जेक्टवाल्यांकडे नेमकं उलटं. फिलिप वॉडलर यांनी १९९८ साली याला ‘एक्स्प्रेशन प्रॉब्लेम’ म्हटलं. म्हणजे भाषा कुठलीही घ्या, कोडची फाळणी एकाच दिशेने होते आणि आडव्या दिशेचं फीचर विखुरतंच. (गंमत म्हणजे किझालेस आणि सहकाऱ्यांचा, विखुरलेलं काम एका जागी आणणाऱ्या अ‍ॅस्पेक्टवरचा आणि प्रेहोफर यांचा फीचर-ओरिएंटेड प्रोग्रामिंगवरचा, हे दोन्ही पेपर १९९७च्या एकाच परिषदेतले. प्रेहोफर यांनी तर ऑब्जेक्टच समोर ठेवले होते, पण हे दुखणं फक्त ऑब्जेक्टवाल्यांचं नाही.)

तुमची तीन फीचर्स मात्र एका जातीची नाहीत, आणि घोळ तिथेच आहे.

चल हे भर घालणारं फीचर. टाइपला एक कन्स्ट्रक्टर, प्रत्येक फंक्शनला एक समीकरण, आणि किमती शोधायला लागणारं कोष्टक. कोष्टकाचं पुढे बोलू. कन्स्ट्रक्टर आणि समीकरणं यांच्यासाठी सुपरइम्पोझिशन छान चालतं: फीचरची फाइल वेगळी ठेवायची, आणि टूल त्याच नावाचे तुकडे एकमेकांत मिसळून एक प्रोग्राम बनवतं. आपेल, केस्टनर आणि लेंगावर यांचं फीचरहाउस हेच करतं, आणि त्यात जावा, सी यांच्याबरोबर हॅस्केलही आहे. टूल नको असेल तर स्विएर्स्ट्रा यांची २००८ची ‘डेटा टाइप्स आ ला कार्त’ पद्धत भाषेच्या आतच ते साधते. फक्त टाइप एरर वाचायला संयम ठेवा.

यात एक खाच आहे. हॅस्केल समीकरणं वरून खाली तपासतं, पहिलं जुळेल ते घेतं. मूळ कोडमध्ये शेवटी असं काही असेल:

छाप (बेरीज अ ब) = …
छाप _ = "?"

तर फीचरने खाली जोडलेलं ‘छाप (चल न) = न’ कधीच चालणार नाही. प्रोग्राम कंपाइल होईल आणि प्रत्येक चलाच्या जागी निमूट प्रश्नचिन्ह छापेल. म्हणून जिथे फीचर्स जोडायची आहेत, त्या फंक्शन्समधून ‘काहीही’वाला पॅटर्न आधी हद्दपार करा.

भागाकार वेगळ्या जातीचा. नवा कन्स्ट्रक्टर हे निमित्त. खरी भानगड शून्याने भागण्याची. त्यामुळे मूल्याचा टाइप बदलतो, आणि ‘मूल्य अ + मूल्य ब’ हे जुनं समीकरणच मोडतं. समीकरणाच्या पोटातला बदल सुपरइम्पोझिशनला नीट मांडता येत नाही, संपूर्ण समीकरण बदलून द्यावं लागतं. मग वेगळं काढलं म्हणायचं तरी काय? इथे टूलच्या मागे लागू नका. मूळ कोडच ‘कुठल्याही मोनाडमध्ये’ असा लिहा (मोनाड म्हणजे हिशेबाभोवतीचं वेष्टण, ज्यात एरर, लॉग अशा जादा गोष्टी सामावतात). मग बेरजेला मोनाडमध्ये एरर आहे की नाही याची खबरच नसते, आणि चलांचं कोष्टकही रीडरच्या, म्हणजे फक्त वाचायची माहिती पुरवणाऱ्या मोनाडच्या, थरात जातं.

लॉगिंगला नवा कन्स्ट्रक्टर लागत नाही, ते प्रत्येक कॉलभोवती गुंडाळायचं असतं. पण बाहेरून हायर-ऑर्डर फंक्शन चढवलं तर फक्त सगळ्यात बाहेरचा कॉल सापडतो. आतले कॉल थेट मूळ फंक्शनकडे जातात. उपाय म्हणजे रिकर्शन उघडं ठेवणं, म्हणजे फंक्शनने स्वतःला थेट न बोलावता बाहेरून मिळालेल्या ‘स्व’ला बोलावणं (साध्या रूपात दाखवतो, मोनाड बाजूला ठेवून):

मूल्य स्व (बेरीज अ ब) = स्व अ + स्व ब

‘स्व’च्या जागी काय येणार ते शेवटी, सगळे तुकडे जोडून गाठ मारताना ठरवायचं. तिथे लॉगिंगचं वेष्टण घातलं की आतला प्रत्येक कॉलही त्यातून जातो, आणि मूळ फंक्शनची एक ओळही बदलत नाही.

एवढं केलं तरी फीचर्स एकमेकांपासून पूर्ण सुटी होत नाहीत. लॉग आणि एरर यांच्या मोनाड ट्रान्सफॉर्मरचा, म्हणजे एकावर एक चढवायच्या मोनाडच्या थरांचा, क्रम बघा. रायटर लॉग साठवतो, आयदर आणि एक्सेप्ट एरर सांभाळतात. रायटरचा थर आयदरवर चढवलात तर शून्याने भागल्याक्षणी तोवरचा लॉगही जातो, म्हणजे नेमका हवा तेव्हाच नाही. एक्सेप्टचा थर रायटरवर चढवलात तर लॉग शाबूत राहतो. हा निर्णय ना लॉगिंगच्या फाइलचा, ना भागाकाराच्या. तो दोन्ही एकत्र असतानाच उद्भवतो, म्हणून त्याला स्वतंत्र छोटं मॉड्यूल द्या आणि दोन्ही निवडली असतील तरच ते जोडा. ‘जाता जाता’ म्हणून एका फीचरच्या फाइलीत सरकवलंत, तर दुसरं काढल्यावर बिल्ड मोडेल.

अशा जोड्यांची मॉड्यूल्स फीचर्सपेक्षा झपाट्याने वाढतात, म्हणून दहा-बारा ओळींची फीचर्स वेगळी काढायच्या फंदात मी पडत नाही. तुमची तीनच आहेत, म्हणजे प्रत्येकाचं असणं-नसणं धरून आठ प्रकार. आठही दर वेळी बांधून बघा, कारण टूलने जोडलेला कोड व्याकरणाला बरोबर असला तरी टाइपला बरोबर असेलच असं नाही. आणि अपुऱ्या पॅटर्नची वॉर्निंग एरर म्हणून चालू करा. नाहीतर एखाद्या फीचरने छपाईचं समीकरण दिलंच नाही, हे प्रोग्राम चालू असताना कोसळल्यावर कळेल.